सूर्यास्ताआधी तीन मिनिटं

रायगोंडा अण्णांना सुभेदारांच्या फोटोंचा हेवा वाटायचा, असं म्हणणं म्हणजे कृष्णेला ओढा म्हणण्यासारखं आहे. हेवा कुणालाही अधूनमधून वाटतो. अण्णांचा हेवा रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू व्हायचा आणि पुढच्या रविवारी पाचपर्यंत टिकायचा. मधल्या दीड तासात मात्र ते आणि सुभेदार जिवाभावाचे मित्र असत.

अण्णा सांगलीतल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं सहायक होते. थेंब मोजण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे माप चुकलं की ते पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. सुभेदार म्हणजे नाथाजी. फौजेतून परतलेले, हरिपूरच्या रस्त्याला थोडा ऊस, मिशा भरघोस, कॅमेरा साधा. अण्णांचा कॅमेरा त्याच्या तिप्पट भारी, आणि जगात न्याय नावाची चीज नाही याचा अण्णांना हा पहिला पुरावा वाटायचा.

साताऱ्याच्या एका छायाचित्र मंडळाने स्पर्धा जाहीर केली होती : एक जागा, बावन्न रविवार. जागा तुम्ही निवडायची, वेळ तुम्ही निवडायची, आणि वर्षभर दर रविवारी तिथूनच, त्याच वेळेला एक फोटो काढून त्याच दिवशी पाठवायचा. एक रविवार चुकला की नाव कटलं. दुसऱ्याने काढून दिलेला फोटो चालणार नाही. दोघांनी हरिपूरच्या संगमाचा घाट निवडला आणि वेळ लिहून दिली सूर्यास्ताआधीच्या तासाची. आठ दिवसांत अण्णांच्या लक्षात आलं, की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय.

कारण अण्णांचं जेवण. अण्णा जैन. दिवस मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही, हे लहानपणापासून. पुढे साखर निघाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, रात्रभर फार वेळ उपाशी राहू नका. धर्म म्हणाला, मावळायच्या आत; डॉक्टर म्हणाले, जमेल तितकं उशिरा. प्रयोगशाळेतल्या माणसाने दोघांनाही राजी ठेवणारा बिंदू शोधून काढला. पंचांगात दिलेल्या सूर्यास्ताच्या एक मिनिट आधी शेवटचा घोट पोटात गेला पाहिजे. अण्णांची बाटली खाली यायला आणि सूर्य टेकायला एकच गाठ पडायची.

म्हणजे व्हायचं असं, की संगमावरचा उजेड काहिलीतल्या गुळासारखा रंगाला येई, पाणी तांबूस होई, बगळे परतू लागत, आणि नेमके त्या वेळी अण्णा घाटाच्या पायरीवर मांडीवर डबा घेऊन भाकरी मोडत असत. त्यांचा फोटो त्याआधीच, पांढऱ्याफटक उन्हात उरकलेला असे. सुभेदार मात्र कॅमेरा डोळ्याला लावून उभे. शिवाय मनगटावरच्या जाडजूड घड्याळात त्यांनी गजर लावलेला असे. दर शनिवारी पंचांगात वेळ बघून ते तो पुढेमागे करत. गजर वाजला की म्हणत, "अण्णा, तीन मिण्टं ऱ्हायली. पाणी घ्या." अण्णा तोंडातल्या घासासकट म्हणत, "हां, घेतो." चाळीस रविवार हे दोन वाक्यांचं बोलणं एकदाही चुकलं नाही.

आणि मग रात्री मंडळाच्या ग्रुपवर दोघांचे फोटो येत. सुभेदारांच्या फोटोखाली अंगठ्यांची रांग लागे. अण्णांच्या फोटोखाली कुणीतरी लिही, 'हरिपूर का?'

शेजारचे सन्मती चौगुले सल्ला द्यायला बोलावण्याची वाट बघणारे गृहस्थ नव्हेत. त्यांनी आधी कॅमेरा ईशान्येला ठेवायला सांगितला. मग म्हणाले, कलावंत उपाशीच पाहिजे, तुम्ही पोटभर जेवता तिथंच गणित चुकतं. अण्णांनी एका रविवारी पाचलाच जेवून घेतलं, पोटात निम्मी भाकरी कमी घातली आणि फोटोसाठी मोकळे झाले. त्या दिवशी नेमका ढग आला. पहाटे साखर उतरून हातपाय थरथरू लागले, पण सूर्य उगवेपर्यंत त्यांनी साखरेचा कणही तोंडात घेतला नाही. त्यांच्या पत्नी शालनवहिनी उशाशी बसून होत्या. सकाळी त्यांनी सन्मतींच्या घरी जाऊन कलेविषयी चार शब्द सुनावले. त्यानंतर महिनाभर सन्मती फक्त हवामानावर बोलत.

कॅमेऱ्याच्या तिपाईचा घोळ वेगळाच. घाटावर तिपाई उभी राहिली की येणारा-जाणारा मोजणीवाले समजून विचारायचा, रस्ता कुठून जाणार? अण्णा सांगायचे, रस्ता नाही, फोटो आहे. लोक समजूतदारपणे मान हलवायचे आणि जाऊन शेजाऱ्याला सांगायचे, की साहेब बोलत नाही म्हणजे रस्ता नक्की आहे. शेवटी कुणीतरी तक्रार केली आणि एका कार्यालयातून बोलावणं आलं. तिथल्या कारकुनाने अण्णांचा 'आम्ही मोजणी करत नाही' असा अर्ज दोनदा वाचला.

"मोजणी करायचीय असे अर्ज आमच्याकडं येतात," तो शांतपणे म्हणाला. "करत नाही असा आलेला नाही. हा कुठल्या नोंदवहीत चढवू, सांगा."

चार हेलपाटे झाले. चौथ्या वेळी जेवणाची सुट्टी जवळ आली म्हणून त्याने पोहोच म्हणून एक गोल शिक्का मारला. अण्णांनी तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून तिपाईला लटकवला. त्यानंतर लोक तिपाईला नमस्कार करू लागले.

तरीही हे सगळं सोसण्यासारखं होतं, कारण सोसायला दोघे होते. पुराच्या दिवसांत घाट पाण्याखाली गेला, तेव्हा दोघांनी एका छत्रीत रस्त्यावर उभं राहून नुसता करडा पडदा टिपला. सूर्य दिसत नव्हता, पण गजर वाजला, आणि अण्णांनी छत्रीत पाणी घेतलं. असे चाळीस रविवार जुळून आले. अण्णा सुभेदारांवर जळत होते हे खरं, पण ते घरच्या चुलीसारखं रोजचं जळणं होतं. वणवा लागला तो वीरधवल आल्यावर.

वीरधवल साताऱ्याचा. चाळिशीचा, खानदानी, बारा खिशांचं जाकीट घालणारा. त्याच्याकडे दुधाच्या किटलीएवढी लेन्स होती. त्याची स्पर्धेची जागा मेढ्याच्या वर एका पठारावर. इतर स्पर्धकांच्या जागा बघायच्या म्हणून तो एका दुपारी संगमावर आला. अण्णांचे फोटो बघून म्हणाला, छान, स्वच्छ आहेत. हा शब्द अण्णा बत्तीस वर्षं काचेच्या नळ्यांबद्दल वापरत आले होते. सुभेदारांचे फोटो मात्र तो संपवून पुन्हा पहिल्यापासून बघू लागला, आणि जाताना त्याने सुभेदारांचा नंबर घेतला. अण्णांचा नंबर मागितला नाही. अण्णांनी तो न मागता सांगितला, तर तो म्हणाला, ग्रुपवर असेलच की.

एक्केचाळिसाव्या रविवारच्या आदल्या दिवशी सुभेदारांचा फोन आला. "अण्णा, उद्या जरा न्हाई जमायचं. पावण्याकडं जायाचं हाय." अण्णांना धक्काच बसला, सुभेदारांचं नाव कटणार होतं. ते समजूत घालायला शब्द शोधत होते, तेवढ्यात ग्रुपवर वीरधवलचा संदेश पडला : 'उद्या मेढ्याच्या पठारावर, सुभेदारांच्या सोबतीनं.'

अण्णांनी तो संदेश चष्मा लावून वाचला, चष्मा पुसून वाचला, आणि शालनवहिनींना मोठ्याने वाचून दाखवला.

"जाईनात का," वहिनी डाळ निवडत म्हणाल्या. "चाळीस आइतवार आलं की ते तुमच्यासंगं."

"खोटं बोलून गेला. पाहुणा म्हणे."

"चाळीस वर्षं मी डबा भरालोय. येवढं मनाला कवा लावून घेतलासा न्हाई." वहिनींनी सूप आपटलं. "वाईट वाटलंय तर जाऊन भांडा. हितं रुसून काय बसलायसा?"

रविवारी सकाळी दहा वाजता अण्णा कॅमेरा, तिपाई आणि डबा घेऊन हरिपूरला म्हणून निघाले. सूर्य मावळायचा होता सहा तेहेतीसला. वहिनींनी घड्याळाकडे बघितलं, अण्णांच्या तोंडाकडे बघितलं, आणि एक भाकरी जास्त बांधली.

पाय बसस्थानकाकडे कसे वळले हे अण्णांना सांगता येत नाही. साताऱ्याच्या गाडीत खिडकी मिळाली, आणि त्यांनी मनातल्या मनात सुभेदारांना सुनवायला सुरुवात केली. काय ते तुझं इमान, काय ती फौज, आणि एका लेन्सवर विकला गेलास. पेठनाक्यापर्यंत भाषण रंगलं. कराड मागे पडल्यावर अचानक त्यांच्या ध्यानात आलं, की आज आपलाही एक्केचाळिसावा रविवार आहे आणि आपण हरिपूरपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहोत. उतरून उलटी गाडी धरली असती तर वेळ होता. अण्णा खरोखर उठलेही. पण तेवढ्यात डोळ्यासमोर ती किटली आली, तिला डोळा लावलेले सुभेदार आले, आणि ते पुन्हा बसले. वर्षभराची मेहनत त्यांनी पाहता पाहता पाण्यात घातली. आपलं गेलं तर गेलं, त्याचंही गेलंय, एवढं समाधान साताऱ्यापर्यंत पुरलं.

मेढ्यात उतरल्यावर पठाराचा रस्ता विचारायला ते एका बांधाशी थांबले. तिथे हरिबा नावाचा शेतकरी वैरण कापत होता. त्याने तिपाई पाहिली, तिच्यावर लटकणारा गोल शिक्का पाहिला, आणि विळा खाली ठेवला.

"सायेब, रस्ता वरनं न्या," तो हात जोडून म्हणाला. "माजी हीर तेवढी सोडा."

अण्णांनी सांगितलं, मी साहेब नाही, हा कागद वाच, मोजणी करत नाही असं लिहिलंय त्यात. हरिबाने कागद वाचला नाही. शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि तिपाई खांद्यावर घेतली. चढ उभा होता. अण्णांचा श्वास असा लागला, की हरिबाच्या प्रत्येक विनंतीला त्यांच्या तोंडून फक्त 'बघू' एवढंच निघत होतं. माथ्यावर पोचेपर्यंत विहीर वाचली होती, आंब्याची दोन झाडं वाचली होती आणि गावाला एक मोरी मंजूर झाली होती.

पठारावर पिवळं गवत आणि काळा कातळ. वीस पावलांवर ते दोघे होते. सुभेदार किटलीला डोळा लावून असे वाकले होते, जसे गाभाऱ्यात वाकतात. अण्णांच्या कॅमेऱ्यात बघताना हा माणूस कधी वाकला नव्हता. ते एका खडकाआड बसले. सहा वीस झाले होते. मित्र फिरला तरी साखर फिरत नाही, म्हणून त्यांनी डबा उघडला आणि जास्तीची भाकरी हरिबापुढे केली.

"त्येंच्यावर पाळत हाय का, सायेब?" हरिबाने कुजबुजत विचारलं.

"हो," अण्णा म्हणाले, आणि त्या दिवसातलं हे त्यांचं पहिलं खरं उत्तर होतं.

वारा तिकडून इकडे होता, शब्द न् शब्द ऐकू येत होता. वीरधवल सुभेदारांचे जुने फोटो मोबाईलवर सरकवत होता. रंग किती धरलाय, पाणी किती जिवंत आहे, असं एकेक. अण्णांचा घास कडू होत गेला. मग वीरधवल म्हणाला, "एक विचारू का, सुभेदार? चाळीस फोटो बघितले मी. सूर्य टेकतो तो क्षण एकातही नाही. शेवटची दोन-तीन मिनिटं, म्हणजे खरा उजेड, तोच नाही. त्या वेळी तुम्ही बघता कुठं?"

मिशीवरून हात फिरवत सुभेदार मावळतीकडे बघत राहिले. अण्णांचा हात डब्यात तसाच थांबला. चाळीस रविवार ते ज्यावर जळत आले होते, तो उजेड सुभेदारांकडेही नव्हता, हे त्यांना आत्ता कळत होतं. कुठे गेला तो, एवढंच कळत नव्हतं.

आणि घड्याळ वाजलं. सहा तीस, हरिपूरच्या सूर्याचं. सुभेदारांनी कॅमेऱ्यावरची नजर काढली, मान उजवीकडे खाली वळवली, जिथे घाटाची पायरी असायची तिथे, आणि रिकाम्या गवताला म्हणाले, "अण्णा, तीन मिण्टं ऱ्हायली. पाणी घ्या."

"हां, घेतो," खडकाआडून अण्णा म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांना समजलं. तोवर बाटली तोंडाला लागली होती, गालात घास होता, आणि हरिबा पाळतीतली माणसं नीट दिसावीत म्हणून तिपाई घेऊन उभा राहिला होता. सुभेदार धावत खडकापाशी आले, घड्याळावर बोट तसंच. मागे वीरधवलचा कॅमेरा वाजत होता, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"अण्णा? तुमी हितं कसं?"

"पाहुण्याकडं आलो होतो," अण्णा म्हणाले.

सुभेदारांनी मान खाली घातली. पासष्टाव्या वर्षी फौजी माणूस शाळकरी पोरासारखा पायाने गवत चाळवू लागला. "एकडाव त्या लेन्सातनं बघायचं हुतं. सांगितलं असतं तर तुमाला वाईट वाटलं असतं."

"न सांगितल्यामुळं फार बरं वाटलं."

"आनि म्हटलं, आपलं नाव कटू दे, अण्णांचं तरी बावन्न पुरं हुतील." हे त्यांनी तेव्हाच्या तेव्हा रचलं असावं, असं अण्णांना आजही वाटतं. पण लगेच सुभेदारांचा चेहरा उतरला. "आवं, पण तुमीबी हितं हायसा. मग तकडं फोटू कुनी काढला?"

फोटो कुणीच काढला नव्हता. संगमावर त्या संध्याकाळी सूर्य एकटाच मावळला.

अण्णांनी डब्यात बघत विचारलं, "किती राहिली?"

"हरिपूरची संपत आली. मेढ्याचा दिस दोन मिण्टं उशिरा बुडतोय."

"मग अजून एक घास होतो," अण्णा म्हणाले आणि खडकावर सरकून त्यांनी जागा केली.

हरिबा रस्त्याचं काय म्हणून विचारत खाली उतरेपर्यंत सोबत आला. त्याला अखेर सुभेदारांनी फौजी खाक्यात लिहून दिलं, की विहिरीला धक्का लागणार नाही. तो कागद त्याच्याकडे अजून आहे, आणि रस्ता आलेला नाही, म्हणजे कागद लागू पडला.

नावं दोघांचीही कटली. पुढच्या रविवारी पाच वाजता अण्णा हरिपूरला गेले तर सुभेदार आधीच घाटावर उभे. दोघांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली. आता स्पर्धा नव्हती, फोटो पाठवायला पत्ता नव्हता, पण नियम तेच ठेवले. एक चुकला की पुन्हा एक.

मे महिन्यात साताऱ्याला प्रदर्शन भरलं, तेव्हा त्यांचा चौदावा रविवार होता. सकाळच्या गाडीने जाऊन दुपारी परतायचं ठरलं. दारातून आत जाताच समोरच्या भिंतीवर वीरधवलचा पहिल्या क्रमांकाचा फोटो होता, दरवाजाएवढा. एका बाजूला डोंगराला टेकू पाहणारा सूर्य. आणि त्याच्याकडे पाठ करून तिघे : गाल फुगलेले, बाटली उंच धरलेले अण्णा, घड्याळावर बोट ठेवून त्यांच्यावर ओणवलेले सुभेदार, मागे तिपाई खांद्याला लावून हरिबा पहाऱ्यावर. खाली लिहिलं होतं : 'सोबत'.

लोक त्या फोटोपुढून हलत नव्हते. एक बाई डोळे पुसत होत्या. अण्णा आणि सुभेदार गर्दीतून पुढे सरकले.

"डबा लय पुढं आलाय," सुभेदार म्हणाले.

"आणि फोटो डावीकडे जरा कलंडलाय," अण्णा म्हणाले. "लेन्स भारी असली म्हणून काय झालं."

"फोटू आपला, बक्षीस त्येला."

इतकं एकमत त्यांचं चाळीस रविवारांत झालं नव्हतं. एकट्याने जळताना घशाशी आंबट येतं. दोघांनी मिळून तिसऱ्यावर जळताना अंगात ऊब येते. चार वाजता बक्षीस समारंभ होता, दोघांनी व्यासपीठावर यावं, असा वीरधवलचा आग्रह. पण हरिपूरचा सूर्य सहा छप्पन्नला होता. ते एकची गाडी धरून निघाले.

लग्नसराई होती. रस्त्यात एक वरात आडवी आली, मग दुसरी, मग दोन वराती एकमेकींना आडव्या आल्या. सांगलीत उतरून रिक्षाने घाटावर पोचेपर्यंत सहा अठ्ठेचाळीस. डबा उघडलेला नाही, फोटो काढलेला नाही. आठ मिनिटांत जेवण आणि चौदावा रविवार दोन्ही बसत नव्हतं.

"तुमी कॅमेरा लावा," सुभेदार म्हणाले. त्यांनी डबा उघडला, भाकरी मोडली, उसळीत बुडवली आणि अण्णांच्या तोंडाशी धरली. अण्णा एक डोळा कॅमेऱ्यात घालून तोंड उघडत राहिले, सुभेदार घास भरवत राहिले. घाटावर धुणं धुणारी एक बाई धुणं थांबवून बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्या उजेडात अण्णांचं बोट कॅमेऱ्यावर होतं. त्यांनी बटण दाबलं. काय आलं ते बघायलाही मान वळवली नाही.

गजर वाजला. "अण्णा, तीन मिण्टं. पाणी घ्या." सुभेदारांनी बाटली पुढे केली. त्यांचा स्वतःचा कॅमेरा गळ्यात तसाच, झाकणासकट लटकत होता. या तीन मिनिटांत ते कुठे बघतात, ते अण्णांनी आज नीट बघितलं : आपल्याच तोंडाकडे.

अण्णांनी बाटली घेतली आणि पायरीवर ठेवून दिली. मग सुभेदारांना दोन्ही खांद्यांना धरून मावळतीकडे फिरवलं आणि कॅमेऱ्याचं झाकण स्वतः काढलं.

"आवं, पाणी..."

"गप्प बसा आणि तिकडं बघा."

सुभेदारांनी बटण दाबलं तेव्हा सूर्य नेमका टेकला होता. बाटली भरलेलीच राहिली. दिवस बुडाला. अण्णा कोरड्या घशाने घरी आले. वहिनींनी भरलेली बाटली पाहिली आणि सकाळसाठी उशाशी तांब्या भरून ठेवला. रात्री अण्णांच्या मोबाईलवर सुभेदारांचा फोटो आला. खरंच चांगला होता. स्वतःच्या फोटोशेजारी ठेवून अण्णांनी तो बराच वेळ पाहिला, आणि तहान जास्त की जळफळाट जास्त, हे त्यांना पहाटेपर्यंत ठरवता आलं नाही.

सूर्य उगवल्याबरोबर त्यांनी दोन तांबे पाणी घेतलं आणि सुभेदारांना फोन करून सांगितलं, की फोटो जरा तिरका आलाय.